क्रिटमध्ये पडलो, कॉलरबोन मोडली. परत घोळक्यात कधी शिरायचं?

एकपेडली
नमस्कार मंडळी. डावा हात झोळीत आहे, उजव्या हाताच्या एका बोटाने टंकतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

अकरा दिवसांपूर्वी हौशी गटाच्या क्रिटेरियममध्ये (क्रिट, म्हणजे छोट्या मार्गावर फेऱ्या मारत होणारी सायकल शर्यत) पडलो. सोळा लॅप्सची शर्यत, तेरावा लॅप, वेग चाळिसच्या आसपास. वळणातून बाहेर पडताना पुढचा गडी अचानक डावीकडे आला आणि मी गेलो. डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली आहे, तो आवाज. टायरवर टायर घासल्याचा, झिप ओढावी तसा. त्यानंतर थेट आकाश. माझ्या अंगावर मागचे दोघं.

डावी कॉलरबोन मधोमध मोडली आहे. टोकं फारशी सरकलेली नाहीत म्हणून ऑपरेशन नको म्हणाले. कोपर आणि कंबर सोलवटली आहे. बाकी सगळा मुका मार.

प्रश्न:
- ट्रेनरवर (घरात एका जागी सायकल मारायचं यंत्र) कधी बसता येईल? रोज पाय शिवशिवतात.
- पडल्यापासून पाच आठवड्यांनी दुसरी शर्यत आहे, नाव नोंदवून झालंय. जमेल का?
- हेल्मेटला बाहेरून तडा नाही. वापरू का?
- दोन वर्षांत कमावलेला फिटनेस पाण्यात गेला का?

वाटाड्या_नसलेला
अरेरे. लवकर बरे व्हा. वाचतोय.

खांदाफिरकी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकलही मारते. तुमचे चारही प्रश्न बाजूला ठेवून आधी माझा एक. डोकं आपटलं होतं का? 'तो आवाज आणि थेट आकाश', मधलं काहीच आठवत नाही का? पडल्यावर कोण आलं, काय बोललं, सायकल कोणी उचलली, हे आठवतं का?

हाड एक्स-रेत दिसतं म्हणून त्याची सगळे काळजी घेतात. मेंदूला बसलेला हादरा एक्स-रेत दिसत नाही, साध्या सीटी स्कॅनमध्येही बहुतेक वेळा काही सापडत नाही. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उगवतात: डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, चिडचिड, वाचलेलं डोक्यात न शिरणं. यातलं काही असेल तर ट्रेनरचं नाव काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि डोकेदुखी वाढत चालली, उलट्या होऊ लागल्या, बोलताना जीभ जड झाली किंवा गुंगी येऊ लागली तर विचारत बसू नका, तडक इमर्जन्सी गाठा.

२०१७ च्या टूर ऑफ कॅलिफोर्निया शर्यतीत टॉम्स स्कुयिन्श हा व्यावसायिक सायकलपटू उतारावर पडला. त्याचं चित्रण अनेकांनी पाहिलं असेल. उठतो, झोकांड्या खातो, पुन्हा कोसळतो, मागून सुसाट येणाऱ्या सायकलींसमोर रस्त्याच्या मध्यावर भेलकांडत जातो. आणि तशाच अवस्थेत सायकलवर बसून निघतो! पुढे संघाने त्याला थांबवलं. मेंदूला हादरा आणि कॉलरबोन मोडलेली. सांगायचा मुद्दा, 'मी ठीक आहे' हे पडलेल्या माणसाच्या तोंडून ऐकून काही ठरवायचं नसतं. जो ठरवणार तोच अवयव मार खाऊन बसलेला असतो. (तोच स्कुयिन्श पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत एक टप्पा जिंकला, तेव्हा घाबरून जाऊ नका.)

एकपेडली
ताई, मधलं सगळं आठवतं. कोणीतरी 'हलवू नका, हलवू नका' ओरडत होतं आणि मी आधी सायकल कुठे आहे ते विचारलं. डोकं दुखलं नाही. हेल्मेट मात्र जमिनीला लागलं होतं, डाव्या बाजूला खरवडल्याची खूण आहे.

गिअरमास्तर
मग हेल्मेटचा निकाल लागला. फेका. आतला थर्माकोलसारखा फेस एकदाच दबण्यासाठी असतो. तो दबला म्हणजे त्याने काम केलं, पुन्हा फुगून येत नाही. वरचं कवच चकचकीत राहून आतला फेस चिरलेला मी कितीदा पाहिलाय. नुसतं टाकू नका, पट्टे कापून टाका, नाहीतर कोणीतरी उचलून घालेल.

व्यावसायिक शर्यतींतही हेल्मेटची सक्ती २००३ मध्ये झाली, पॅरिस–नीस शर्यतीत पडून आंद्रेई किविलेव हा सायकलपटू दगावला त्यानंतर. तोवर उघड्या डोक्याने पळवत होते.

आता सायकल. कोणाला दाखवली का? की कोपऱ्यात उभी आहे?

एकपेडली
कोपऱ्यात उभी आहे. हुड (हँडलवर ब्रेकपाशी हात ठेवायची जागा) आत वळलाय आणि हँडलबार टेप फाटली आहे, बाकी ठीक दिसते. उजव्या अंगाला तर काहीच नाही, पडलो डावीकडे.

गिअरमास्तर
'उजव्या अंगाला काहीच नाही' म्हणणाऱ्यांचं मागचं चाक माझ्याकडे येतं. तुमच्या अंगावर दोघं पडले म्हणालात. त्यांच्या सायकली कुठे पडल्या? तुमच्या डिरेल्युअरवर (उजव्या अंगाचा, चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) नाही, असं छातीठोक सांगू शकता?

डिरेल्युअर ज्याला टांगलेला असतो तो हँगर हा मुद्दाम मऊ ठेवलेला तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो आधी वाकतो. दोन-तीन मिलिमीटर आत वाकला तर उभ्या सायकलीत कळत नाही, मधल्या गिअरांतही कळत नाही. चढ आला की तुम्ही सगळ्यात मोठ्या दात्यावर चेन टाकता आणि डिरेल्युअर आऱ्यांत शिरतो. मागचं चाक जागच्या जागी अडकतं, हँगर तुटतो, आरे तुटतात, आणि तुम्ही दुसऱ्यांदा जमिनीवर. सायकलच्या मागे उभं राहून पाहा, डिरेल्युअरमधल्या दोन छोट्या चाकांची, म्हणजे वरच्या आणि खालच्या जॉकी व्हीलची रेघ दात्यांच्या रेघेला समांतर आहे का.

फ्रेम कार्बनची असेल तर हुडखालची टेप काढून हँडलबार नीट बघा. हुड वळलाय म्हणजे जोर तिथेच बसला. नखाने किंवा नाण्याने टिकटिक करत जा, एखाद्या जागी आवाज बद्द आला तर थांबा. फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा भाग) मुळाशी आणि चेनस्टेवरही (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) तसंच. अॅल्युमिनियम वाकून सांगतं, कार्बन न सांगता जातं. शंका असेल तर हँडलबार बदला, वाद घालू नका.

सुसाट_३९
इतकं कशाला घाबरवताय? पाच आठवडे खूप झाले. व्यावसायिक सायकलपटू व्हिंगेगोर २०२४ च्या एप्रिलमध्ये बास्क देशातल्या शर्यतीत पडला, कॉलरबोन, बरगड्या, फुप्फुसाला इजा, बारा दिवस हॉस्पिटलात. जूनअखेर टूर दि फ्रान्स सुरू झाली तेव्हा हजर, आणि दुसरा आला. गेरेंट थॉमसने २०१३ मध्ये पहिल्याच टप्प्यात ओटीपोटाचं हाड मोडून पॅरिसपर्यंत टूर पूर्ण केली. मन पाहिजे.

खांदाफिरकी
मन पाहिजेच, पण एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनअखेर म्हणजे बारा आठवडे. पाच नव्हेत. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देतंय.

शिवाय त्या बारा आठवड्यांत त्याला दुसरा उद्योग नव्हता. झोपणं, खाणं, तपासणी, सराव, हीच नोकरी. आपण पडल्यावर सोमवारी कामावर जातो आणि एका हाताने बॅग उचलतो. आणि तोच पेशा असलेल्यांचंही सगळं भरून येतं असं नाही. टूर दि फ्रान्स जिंकलेला ख्रिस फ्रूम २०१९ मध्ये शर्यतीचा मार्ग पाहायला निघाला असताना भिंतीवर आपटला, मांडीचं हाड, कोपर, बरगड्या. पुढे कित्येक वर्षं शर्यती खेळला, पण पहिला फ्रूम परत दिसला नाही.

एकपेडली, कॉलरबोनला मोठ्या माणसात साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. दुखणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरंच कमी होतं आणि तोच काळ धोक्याचा. दुखत नाही म्हणजे जुळलं असं वाटतं. आत तेव्हा नुसता मऊ सांधा धरलेला असतो. तेवढ्यात त्याच खांद्यावर पडलात तर आज जे ऑपरेशन टळलंय ते करावं लागू शकतं. पाचव्या आठवड्यात एकट्याने सपाट रस्त्यावर जाणं हा डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे. पाचव्या आठवड्यात क्रिट हा बोलायचाही विषय नाही.

अजून एक. तुमच्या अंगावर पडलेल्या दोघांपैकी कोणाचं मनगट दुखतंय का? पडताना माणूस हात टेकवतो. अंगठ्याच्या मुळाशी खळगा असतो बघा, अंगठा ताणला की दिसतो. तिथे दाबून दुखलं तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतच नाही. लोक 'मुरगळलंय' म्हणून क्रेप बँडेज बांधून हिंडतात. त्या हाडाला रक्तपुरवठा तोकडा, दुर्लक्ष झालं तर जुळतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करायला हवा. ओळख असेल तर कळवा.

मागचा_दिवा
मी जरा वाकडा प्रश्न विचारतो, राग मानू नका. पुढचा डावीकडे आला तेव्हा तुमचं पुढचं चाक कुठे होतं? त्याच्या मागच्या चाकाच्या *मागे*, की *बाजूला*?

सुसाट_३९
झालं, आता पडलेल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा.

मागचा_दिवा
पिंजरा नाही हो. वळणातून बाहेर पडताना प्रत्येक जण वीतभर सरकतो. मागच्याचं चाक मागे असेल तर त्या वीतभराने काही होत नाही. बाजूला असेल तर टायर टायरला लागतो. आणि पुढचा बहुतेक वेळा पडत नाही, कारण त्याचं घासलेलं चाक वळत नाही. मागच्याचं स्टिअरिंगचं चाक अडकतं, म्हणून मागचाच पडतो. एकपेडलींच्या धाग्यात पुढचा पडल्याचा उल्लेख नाही.

हळूबाई
ट्रेनरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून स्वानुभव. माझी उजवी मोडली होती. डॉक्टरांनी सोळाव्या दिवशी परवानगी दिली, तुमचे वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

पेडल मारणं सोपं आहे. चढणं-उतरणं अवघड. पहिल्या दिवशी उतरताना क्लीट (बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) सुटेना, तोल गेला आणि तुटक्या बाजूनेच कपाट धरलं. डोळ्यांपुढे काजवे. त्यानंतर साधे बूट, सपाट पेडल, शेजारी जड स्टूल आणि घरात कोणीतरी असतानाच. सरळ पाठीने बसायचं, पुढे वाकलात की वजन हातावर येतं. पंखा दोन्हीकडून, कारण झोळीखाली घाम साचला की सोलवटलेली जखम चिघळते. पहिला आठवडा वीस मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्याच जोरावर. बाटलीचं झाकण आधीच उघडून ठेवा. हे मूर्खासारखं वाटेल, पण एका हाताने आणि दाताने झाकण उघडायला मी ट्रेनरवर हँडल सोडलं होतं.

जखमेबद्दलही. आमच्या लहानपणी 'वारा लागू दे, खपली धरू दे' म्हणत. आता उलट सांगतात: पहिल्याच दिवशी भरपूर पाण्याने खडी-माती धुवून काढायची (ओरडून घ्या, पण काढा, आत राहिली तर निळी-काळी गोंदणं कायमची राहतात) आणि मग ओलावा धरणारी पट्टी लावायची. स्पिरिट वगैरे ओतू नका. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर मळक्या जखमेला पुन्हा घ्यायला सांगतात. पडल्यावर लगेच विचारायचं असतं, पण राहिलं असेल तर उद्याच विचारा.

आकडेमोड
फिटनेसच्या प्रश्नाला माझं उत्तर. १९८४ मध्ये कॉइल आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सराव केलेल्या खेळाडूंना सराव पूर्ण बंद करायला लावला. ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घटली. आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्के, आणि तिथे स्थिरावली. सुरुवातीची घट बरीचशी रक्तातलं पाणी कमी झाल्याने, म्हणून सराव सुरू झाला की ती लवकर भरून निघते. दोन वर्षं पाण्यात वगैरे काही गेलेली नाहीत. शिवाय हे *पूर्ण* थांबण्याचे आकडे आहेत, तुम्ही तर ट्रेनर मारणार.

फक्त पॉवर मीटरवर जुना एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल इतका जोर, वॉट्समध्ये) तसाच ठेवू नका. दहा टक्के खाली आणा, मग बघा. जुन्या आकड्याशी रोज भांडण करण्यात अर्थ नाही.

एकपेडली
(तीन दिवसांनी लिहितोय.)

मागचा_दिवा, तुमचा प्रश्न वाचून आधी संताप आला. मग एकाच्या हँडलबारवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मागवून घेतलं. चौदा वेळा पाहिलं. पुढचा डावीकडे आलाच नाही. तो वळणातून निघून सरळ झाला, बस. माझं चाक त्याच्या चाकाच्या बाजूला अर्धं आत होतं आणि मी त्या क्षणी मान वळवून मागे कोण आहे ते बघत होतो.

मी पाडलं. स्वतःला आणि मागच्या दोघांना. शर्यतीनंतर मी जे येईल त्याला 'पुढच्याने लाइन सोडली' असं सांगितलंय. पुढच्याच्या कानावर ते गेलंही असेल.

ताईंचा मनगटाचा मुद्दा वाचून आयोजकांकडून त्या दोघांचे नंबर घेतले. एक ठणठणीत. दुसरा म्हणाला, 'मनगट मुरगळलंय, होईल बरं.' त्याला खळग्याचं सांगितलं. दाबून बघ म्हटलं. फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही, मग एक शिवी आली. काल त्याचा एमआरआय झाला. स्कॅफॉइडच. प्लास्टर घातलंय.

शर्यतीतून नाव काढून घेतलंय.

खांदाफिरकी
त्याला फोन केलात हे फार बरं झालं. त्याच्या हातासाठी आणि तुमच्यासाठीही.

हळूबाई
माझ्या वेळी ज्याच्यामुळे पडले तो आजतागायत माझ्याशी बोललेला नाही. शर्यतीत दिसला की दुसऱ्या बाजूने जातो. मला त्याचा राग पडल्याबद्दल कधीच नव्हता, पडणं होतंच. एक मेसेज पुरला असता. पुढच्या गड्यालाही फोन करा.

एकपेडली
केला. 'मला वाटलंच होतं' एवढंच म्हणाला, आणि खांदा कसा आहे ते विचारलं.

एकपेडली
(आठवा आठवडा.)

धागा वर काढतोय. एक्स-रेत हाड धरलंय, दोन्ही हात डोक्यावर सरळ जातात, भिंतीला टेकून जोर मारता येतात. एकट्याने रस्त्यावर दोन आठवडे फिरतोय, वॉट्स जवळपास परत आलेत. काल पहिल्यांदा सहा जणांच्या ग्रुपबरोबर गेलो.

सपाटीवर, ओळखीची माणसं, वेग अठ्ठावीस. आणि मी पुढच्या चाकापासून दोन सायकली मागे. पाय म्हणतात जवळ जा, बोटं ब्रेक सोडत नाहीत. कोणाची चेन करकरली तरी अंगावर काटा. आडोसा नाही, वारा सगळा मलाच. घरी आलो तेव्हा मनगटं दुखत होती, इतकं हँडल आवळलं होतं. हे कसं जातं? की जात नाही?

सुसाट_३९
सरळ एक शर्यत खेळून टाका. काट्याने काटा.

मागचा_दिवा
नको. घाबरलेला माणूस घोळक्यात सतत ब्रेक मारतो आणि त्याच्या मागचे पडतात. आधीच दोन झालेत.

मी तरुण मुलांना शिकवतो, त्यांच्याकडून करून घेतो ते सांगतो. गवताचं मैदान, जुनी सायकल, सपाट पेडल, हेल्मेट, चालण्याचा वेग. पहिल्या दिवशी दोघांनी शेजारी शेजारी चालवत खांद्याला खांदा लावायचा, मग कोपराला कोपर. घट्ट बसलात तर धक्का थेट हँडलला जातो, कोपरं सैल असतील तर वाटेतच जिरतो. हे वाचून कळत नाही, धक्का खाऊन कळतं.

ते अंगवळणी पडलं की चाकाला चाक. पुढचा अगदी हळू, तुम्ही मुद्दाम पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घासायचं. तोच आवाज येईल, झिपचा. सगळं शरीर चाक बाहेर ओढायला सांगेल आणि ओढलंत की पडाल, कारण अंगाचा तोल एकीकडे आणि चाक दुसरीकडे. त्याऐवजी किंचित *त्याच्या अंगावर* रेलायचं, पेडल सोडायचं, आणि आपोआप मागे निघू द्यायचं. पहिल्या पाच वेळा पडाल. गवत आहे.

रस्त्यावर तोवर एकच पाळा: नजर पुढच्याच्या चाकावर नको, त्याच्या कमरेवरून पलीकडे. चाकाकडे टक लावणारा चाकावरच जातो. आणि मागे बघायचं तर आधी अर्धी सायकल मागे या, मग मान वळवा. ते कारण तुम्हाला सांगायला नको.

आकडेमोड
डच सायकलपटू आनेमीक व्हान व्ल्यूतेन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णाच्या वाटेवर असताना उतारावर पडली, मणक्याला तीन चिरा आणि मेंदूला हादरा. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत काही दिवस आधी पडून कोपर मोडलं, सॅडलवरून उठून पेडल मारता येईना, म्हणून सगळे रेंगाळत असताना बसल्या बसल्याच निसटली आणि जिंकली. दोन्ही वेळा आत काय चाललं असेल ते तिलाच ठाऊक, पण ती घोळक्यात परत आली हे खरं.

एकपेडली
(अकरावा आठवडा.)

तीन रविवार गवतावर घालवले. पहिल्या दिवशी सात वेळा पडलो, खांद्यावर एकदाही नाही. पुढे चालवायला कोण आला असेल? ज्याने लाइन सोडली म्हणून मी गावभर सांगत फिरलो होतो तोच. आणि मनगटाला प्लास्टरवाला मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. प्लास्टर अजून निघायचंय. मी चाकापासून लांब राहिलो की प्लास्टर आपटून ओरडायचा, 'अजून जवळ! अजून! मला पाडताना बरा जवळ होतास!'

काल चाक घासलं, झिपचा आवाज आला, मी रेललो, निघालो, पडलो नाही. ओळीने चार वेळा. पाचव्यांदा पडलो.

आज ग्रुपमध्ये अर्ध्या सायकलीच्या अंतरावर होतो. बोटं ब्रेकवर होती, पण आवळलेली नव्हती. पुढच्या महिन्यात एक छोटी शर्यत आहे, शेवटून सुरुवात करून शेवटीच राहायचं असं ठरवतोय. नवं हेल्मेट आलंय, हँडलबारही बदललाय.

गिअरमास्तर
आणि हँगर?

एकपेडली
मोठ्या दात्यावर थोडा आवाज करतो, पण मी तिकडे जातच नाही.

गिअरमास्तर
उद्या सायकल घेऊन कोणाकडे तरी जा. चाकासकट.